‘इंजिन कशाचं हाय?’: मॉडिफाय केलेली जुनी गाडी घाटात बंद पडली तर

तीन वर्षांपूर्वीची एप्रिलमधली दुपार. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला माझी १९६४ची जीप दोन-चार गचके खाऊन गप्प झाली. मी बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. बघण्यासारखं काही नव्हतं, पण अशा वेळी माणूस बघतोच. थोड्या वेळाने घाटाखालच्या खंडाळ्याकडून एक मिस्त्री दुचाकीवरून आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “मालक, बॉडी जीपची हाय, पर ह्ये इंजिन कशाचं हाय?”

“काँटेसाचं.”

“आन् रेडिएटर?”

“टेम्पोचा.”

“कुठल्या टेम्पोचा?”

मला सांगता येईना. मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. एवढंच म्हणाले, “मग दुकानात जाऊन मी मागू काय?”

मॉडिफाय केलेल्या गाडीची खरी अडचण हीच आहे. तिच्यातला एकेक भाग साधा आणि ओळखीचा असतो, पण अख्खी गाडी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसते. अमेरिकेत ज्याला हॉट रॉड म्हणतात, त्याची गोष्टही हीच. तिथे १९३०च्या दशकात पोरांनी जुन्या फोर्ड घेतल्या, मडगार्ड-बॉनेट काढून वजन उतरवलं आणि इंजिनाची ताकद वाढवली. १९३२ साली आलेलं फोर्डचं व्ही-८ इंजिन त्यांचं लाडकं. ते तापण्याबद्दलही तितकंच प्रसिद्ध होतं. आपल्याकडे सातारा-सांगलीत तसल्या फोर्ड नाहीत, पण जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन, पुढे रुंद टायर आणि मागे त्याहून रुंद, हा शौक मात्र घरोघरी नसला तरी गावोगावी आहे.

कागदांचं आधी सांगतो, कारण रस्त्यात उभ्या गाडीजवळ पोलीस येतातच. इंजिन बदललं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच बाबतीत आहे. ‘विंटेज म्हणून नोंदवू’ असं कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी. आपली त्यात बसत नाही. आणि इंजिन नंबर जुळला नाही की विमा कंपनी काय म्हणेल, ते वेगळं सांगायला नको.

आता गाडी बंद पडली आहे असं धरू.

पहिली पाच मिनिटं गाडीची नाहीत

पहिला गचका बसला की लगेच डावीकडे घ्यायला सुरुवात करा. ‘पुढच्या वळणापर्यंत जाईल’ हा विचार सोडा. वेग आहे तोवरच जागा निवडता येते. वळणाच्या पोटात कधीही थांबू नका, सरळ तुकड्यात मागच्याला लांबून दिसेल असं थांबा. जुन्या जीपला मुळात ब्रेक बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग, नसतो, त्यामुळे इंजिन बंद झालं तरी ब्रेक तसाच लागतो. तुम्ही नंतर बूस्टर बसवला असेल तर एक-दोन दाबांनंतर पॅडल दगडासारखं होतं. ते पाय जोराने रोवून दाबायचं, पंपिंग करत बसायचं नाही.

थांबल्यावर हँडब्रेक. जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर माझा विश्वास नाही, तुमचाही नसावा. तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स, आणि उताराच्या बाजूने चाकाला दगड. मग माणसं बाहेर, रहदारी नसलेल्या बाजूच्या दाराने, आणि कठड्याच्या पलीकडे. गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. फोटो काढायला तर नाहीच.

जुन्या गाडीला चारी इंडिकेटर एकदम लागत नाहीत, म्हणून लाल त्रिकोण गाडीत हवाच. तो किती मागे ठेवायचा? ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. त्रिकोण ५० मीटरवर असेल तर मागच्याच्या हातात सव्वादोन सेकंद येतात. हमरस्त्यावर शंभर मोठी पावलं मोजा आणि मागे वळण असेल तर त्रिकोण वळणाच्याही मागे न्या, म्हणजे येणाऱ्याला तो वळायच्या आधीच दिसेल. चालत जाताना रस्त्याकडे तोंड ठेवा. त्रिकोण नसेल तर झाडाचा डहाळा टाकतात तसा टाका. रस्त्यात दगड मांडायची आपल्याकडची पद्धत मला मान्य नाही. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुचाकीवाला त्यावर जातो.

गळिताच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली पट्ट्यात अंधार पडल्यावर रस्त्यात उभं राहणं हा वेगळाच धोका. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला समोरचं नीट दिसत नाही आणि दिसलं तरी तेवढं वजन पटकन थांबत नाही. तिथे दुरुस्तीचा नाद सोडा. चार जणांनी धक्का मारून गाडी पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात न्यायची.

थंड व्हायच्या आत दोन तपासण्या

आता मी त्या दिवशी केलेली चूक. गाडी बंद पडली, मी म्हटलं थंड होऊ दे. वीस मिनिटांनी सेल्फ मारला, झाली सुरू! मी खूश. दोन वळणं पुढे पुन्हा तेच. असं तीनदा झालं, आणि घाट संपला तरी नेमकं काय बिघडलंय ते मला कळलं नव्हतं.

कारण असं की तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होणारे दोन अगदी वेगळे आजार आहेत. एकात पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते. दुसऱ्यात इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी जोराचा करंट तयार करणारा भाग, तापून करंट सोडायचं बंद करते. दोन्ही वीस मिनिटांत आपोआप बरे होतात, म्हणून गाडी गरम असतानाच बघायचं. माणसं सुरक्षित झाली, त्रिकोण लागला, की लगेच. यात पाच मिनिटं जातात.

पहिली तपासणी पेट्रोलची. किल्ली बंद, जवळपास बिडी-सिगारेट नाही. एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळतात त्या भागाच्या) तोंडात बघा आणि हाताने एक्सलेटरची दांडी एकदम ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आहे. नुसताच सुस्कारा आला तर नाही.

दुसरी करंटची. आधी एअर फिल्टर परत बसवा आणि कुठे पेट्रोल सांडलं नाही ना बघा. डिस्ट्रिब्युटरच्या (एकेका प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या) टोपणातली मधली जाड वायर उपसा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. टक टक आवाज करत निळी ठिणगी पडली तर कॉइल ठीक. पिवळी, अशक्त किंवा काहीच नाही, तर दोष इकडे आहे.

गाडी कशी बंद पडली तेही आठवा. दिवा मालवावा तशी एका क्षणात गेली असेल तर बहुतेक करंट. गचके खात, दम लागल्यासारखी गेली असेल तर बहुतेक पेट्रोल. ‘बहुतेक’ म्हणतोय, कारण कंडेन्सर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळू न देणारा छोटा भाग, मरताना कधीकधी पेट्रोलच्या दोषाचं सोंग घेतो.

पेट्रोलचा दोष

घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना इंजिन भट्टी होतं आणि वारा काही लागत नाही. जुन्या इंजिनाचा पंप इंजिनाच्याच अंगाला बोल्ट केलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो, कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळतं, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. चहाला थांबून निघताना गाडी सुरू होत नाही त्याचं कारणही हेच. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते.

त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल मिसळलं की पेट्रोलमधला हलका अंश आणखी सहज वाफ होतो. शिवाय जुन्या रबराला ते फुगवतं आणि चिरा पाडतं, टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला चिकट गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून भरतं. ऊस आपल्याच शिवारातला, डिस्टिलरी आपल्याच कारखान्याची, आणि पाइप खाल्ला जातोय आपल्याच जीपचा. तक्रार कुणाकडे करणार?

उपाय सोपा आहे. फडकं ओलं करून पंपावर आणि तिथून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपवर गुंडाळा. पाणी थेट तापलेल्या इंजिनावर ओतू नका, लोखंडाला तडा जाऊ शकतो. बॉनेट उघडंच ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा दांडी ओढून बघा. धार आली की निघा. जमलं तर पुढचा चढ ट्रक निघून गेल्यावर, मोकळ्या रस्त्याने चढा.

धार आलीच नाही तर टाकीचं झाकण उघडा. हुस्स असा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय आणि टाकीत निर्वात झालंय. झाकण सैल ठेवून, वर फडकं बांधून घरी जाता येतं. आवाज नसेल तर फिल्टर बघा. काचेच्या फिल्टरमध्ये तांबडा गाळ दिसला तर तो बदला. दोन फिल्टर आणि हातभर होस पिशवीत ठेवायला काय जातं? होस मात्र इथेनॉल चालणारीच मागा, साधी सहा महिन्यांत तडकते.

एक जुनी युक्ती सांगतो ती करू नये म्हणून. पेट्रोलचं डबडं बॉनेटवर टांगून नळीने थेट कार्बोरेटरला जोडायचं. पूर्वीच्या मिस्त्रींनी अशा गाड्या मैलोन्‌मैल नेल्या आहेत. खाली लालबुंद सायलेन्सरचा पाइप आणि वर हेलकावणारं डबडं, मी नाही नेणार.

उलट प्रकारही होतो. घाबरून दहा वेळा एक्सलेटर दाबला की पेट्रोल जास्त होतं, वास येतो, प्लग भिजतात. तेव्हा एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरा, मध्ये सोडू नका, आणि सेल्फ मारा. पाच-सहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये विश्रांती द्या.

करंटचा दोष

कॉइलला हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतकी तापली असेल तर तिच्यावर ओलं फडकं ठेवा, पण वायरच्या तोंडाला पाणी लागू देऊ नका. ती गार होऊन गाडी निघाली तरी घरी गेल्यावर नवी बसवायचीच.

मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण. पावसाळ्यात कासकडे, बामणोलीकडे जाताना धुक्याने आणि पाण्याच्या फवाऱ्याने आत दमटपणा धरतो, आणि गाडी अशी काही बंद पडते की जणू इंजिनच गेलं. कोरड्या रुमालाने आतून-बाहेरून पुसलं की भागतं. टोपणात केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा, करंट तिथून पळतो.

टोपणाखाली पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी धातूची दोन टोकं. काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासा आणि कोरडा कागद मध्ये धरून ओढा, भुकटी राहू देऊ नका. पॉइंट पूर्ण उघडे असताना फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. नेमका आकडा त्या इंजिनाचा, जीपचा नव्हे. फिलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड घरी पोचण्यापुरतं चालतं. घासूनही पॉइंट लगेच जळत असतील, ठिणगी पिवळी असेल, तर कंडेन्सर बदला. तो स्वस्त, लहान आणि बदलायला एक स्क्रू. पिशवीत नवा नव्हे, एकदा गाडीला लावून चालवून बघितलेला कंडेन्सर ठेवा. नवेही खराब निघतात.

सेल्फच फिरत नसेल तर बॅटरीची तोंडं आधी. आणि इंजिन बदललेल्या गाडीत एक खास दोष असतो. नवं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि बसवणारा इंजिन ते चॅसी अशी अर्थिंगची जाड पट्टी, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची वाट, लावायला विसरतो. मग सेल्फचा सगळा प्रवाह एक्सलेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, कधी धूरही निघतो. खात्री करायची तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ जोरात फिरला तर रोग सापडला. जळालेल्या फ्यूजला मात्र सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज ज्या कामासाठी होता ते काम मग वायरिंग करतं, जळण्याचं.

तापलेलं इंजिन

काटा वर गेला, वाफ निघाली, तर इंजिन बंद आणि रेडिएटरच्या झाकणापासून हात लांब. अर्धा-पाऊण तास. झाकण उघडून उकळत्या पाण्याने चेहरा भाजून घेणारी माणसं दर उन्हाळ्यात असतात. तोवर फॅन बेल्ट बघा. बोटाने दाबल्यावर एक-दीड सेंटिमीटर दबावा. विजेचा पंखा बसवला असेल तर त्याचा फ्यूज आणि रिले.

होस फुटला असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळा, वरून तार. पंक्चरवाला कुठेही मिळतो आणि जुनी ट्यूब फुकट देतो. झाकण पहिल्या खाचेपर्यंतच बंद करा, म्हणजे आत दाब कमी राहतो आणि पट्टी टिकते. मात्र दाब नसला की पाणी लवकर उकळतं, म्हणून हळू चालवायचं आणि दर आठ-दहा किलोमीटरला बघायचं. पाणी घालायची वेळ आली तर इंजिन सुरू ठेवून थोडं थोडं. गरम हेडवर एकदम गार पाणी म्हणजे हेडला निरोप.

कधी थांबायचं

ऑइलच्या प्रेशरचा काटा शून्यावर, इंजिनातून ठोके, पेट्रोलची गळती, किंवा ब्रेकचं पॅडल खाली जाणं, यातलं काहीही असलं तर पाना हातात घ्यायचाच नाही. पेट्रोल गळत असेल तर बॅटरीची वायर काढा आणि अग्निशामक सिलेंडर हातात धरून लांब उभे राहा. बाकीच्या दोषांना मी स्वतःला पाऊण तास देतो. ऊन कलायला लागलं असेल तर तेवढाही नाही.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ला फोन करा. क्रेन आणि गस्तीची गाडी येते आणि तुम्हाला निदान धोक्याच्या जागेतून हलवते. अपघात असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, ‘त्या मोठ्या झाडापाशी’ सांगू नका. कुंभार्ली घाटात किंवा बामणोलीच्या वाटेवर रेंज असेलच असं धरू नका. वर जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्या, हा उपाय अजून चालतो.

न्यायची तर शक्यतो फ्लॅटबेडवर. दोर किंवा साखळी फक्त चॅसीला, शोसाठी बसवलेल्या बंपरला नाही. तो दोन बोल्टवर असतो आणि हातात येतो. चाकं जमिनीवर ठेवून टोचन लावायचं असेल तर जीपचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा दुसरा गिअरबॉक्स) न्यूट्रलला घ्या. आणि दोराने ओढत घाट उतरायचा नाही, कुणी कितीही अनुभवी म्हणवत असलं तरी.

वही

त्या दिवसानंतर मी शंभर पानी वही आणली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती सीटखाली असते. त्यात गाडीचा एकेक सुटा भाग, तो मूळ कोणत्या गाडीचा, त्यावरचा नंबर. बेल्टवर आकडे छापलेले असतात, ते नवा असतानाच उतरवा, झिजल्यावर वाचता येत नाहीत. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या होसचा आतला व्यास आणि वाकण कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवलेलं. पॉइंटची फट, प्लगचा नंबर, फायरिंग ऑर्डर, कुठल्या फ्यूजवर काय चालतं. व्हील सिलेंडरचे वायसर कशाचे. पंप, क्लच प्लेट, सेल्फ, सगळं.

ही वही असली की साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या दुकानात फोन करून नेमका माल मागवता येतो, दुचाकीवाला घेऊन येतो. आणि जे विकत मिळत नाही ते बनवून मिळतं. १९१० साली किर्लोस्करवाडी ज्या मुलखात उभी राहिली, त्या मुलखात लेथवाला शोधायला फार फिरावं लागत नाही. बुश, पिन, एखादा ब्रॅकेट, नमुना दाखवा, संध्याकाळपर्यंत हातात. पण नमुना किंवा माप हवं, ‘तसलं गोल काहीतरी’ म्हणून भागत नाही.

माझी गाडी शेवटी सुरूर फाट्याच्या पुढे एका गॅरेजच्या अंगणात उभी राहिली. तेव्हाच कळलं की इंजिन बदलताना पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या पाइपापासून जेमतेम दोन बोटांवरून नेला होता. नेला होता म्हणजे मीच, एका रविवारी, घाईत. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी तो चॅसीच्या पलीकडून फिरवला, मध्ये पत्र्याचा आडोसा लावला. टाकीजवळ विजेचा पंप बसवायचा विषयही त्यांनीच काढला, कारण तो ढकलतो, ओढत नाही, म्हणून वाफ धरत नाही. अट एकच घातली, इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद होईल असा ऑइल प्रेशरचा स्विच हवा, नाहीतर अपघातात तो पेट्रोल ओततच राहील. मी तो स्विच आणला, त्यांनी लावला. मग त्यांनीच वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर पेनाने लिहिलं, ‘रेडिएटर: वरचा होस ३८ मिमी, खालचा ३८ मिमी. टेम्पो कुठला ते मालकाला ठाऊक नाही.’